तळतापन, उष्णजलीय

घराच्या जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून ती जमीन तापविणे आणि तिच्या पृष्ठभागावरून बाहेर पडणाऱ्या उष्णतेने खोली उबदार ठेवणे, या पद्धतीस उष्णजलीय तळतापन असे म्हणतात. ‘तळ’ या शब्दाने येथे पायाखालची फरशी, तिच्या खालचा कोबा व त्याखालील थर यांचा एकत्रित निर्देश होतो. जमिनीखालून ऊब देण्याची कल्पना दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. त्यासाठी पाण्याचा उपयोग करण्याची प्रथा मात्र मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. या दीर्घ कालखंडात घडलेला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे माणूस जेथे बसतो व झोपतो त्या जागेपासून जाळ दूर नेला गेला. जळणाच्या विषारी वायूंमुळे झोपेत होणारे मृत्यू त्यामुळे टळले. म्हणून या पद्धतीचा इतिहास हा केवळ सुखसोयींचा इतिहास नसून तो आरोग्याचाही इतिहास आहे.

तत्त्व : उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन प्रकारे जाते. घन पदार्थातून ती एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जाते, हे संवहन होय. तापलेली हवा वा पाणी स्वतः हलून ती वाहून नेते, हे अभिसरण होय. आणि मध्ये कोणतेही माध्यम नसतानाही ती तरंगरूपाने फेकली जाते, हे प्रारण होय. तळतापनात नळीतील पाण्याची उष्णता संवहनाने कोब्यात व फरशीत पसरते आणि फरशीपासून खोलीत जाताना तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग प्रारणाच्या रूपाने जातो. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातील उष्णताही बऱ्याच अंशी प्रारणानेच भोवतालच्या भिंतींकडे व जमिनीकडे जात असते. ही पृष्ठे उबदार असली की शरीराची उष्णता कमी प्रमाणात बाहेर पडते आणि हवा थोडी थंड असली तरी थंडी वाजत नाही. तापविलेली हवा खोलीत सोडण्याच्या पद्धतीत गरम हवा छताशी जमते व पाय गारच राहतात. तळतापनात याच्या उलट पायांशी ऊब व डोक्याशी तुलनेने थंडावा अशी स्थिती असते.

प्रारणाचा अनुभव महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. उन्हाळ्यात काँक्रीटच्या सपाट छताखाली झोपणाऱ्यास मध्यरात्रीपर्यंत वरून धग लागते, याचे कारण दिवसभर तापलेले छत आपली उष्णता खाली प्रारित करीत असते. ते छत म्हणजे नको असताना मिळालेले, वरच्या बाजूस बसविलेले प्रारक तापकच होय.

प्राचीन पद्धती : रोमन लोकांनी इ. स. पू. पहिल्या शतकापासून स्नानगृहांत व श्रीमंतांच्या घरांत पोकळ जमिनीखालून भट्टीचे वायू खेळविण्याची पद्धत वापरली. व्हिट्रूव्हिअस या वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. विटांचे सु. दोन फूट (सु. ६० सेंमी.) उंचीचे खांब उभारून त्यांवर मोठ्या कौलांची जमीन घालावी आणि खालचा तळ भट्टीच्या दिशेने असा उतरता ठेवावा की, त्यावर टाकलेला चेंडू आत न थांबता भट्टीच्या तोंडाशी परत यावा, असे तो सांगतो. या उतारामुळे ज्वाळा व वायू जमिनीखाली सहज पसरत. पुढे भिंतींतही पोकळ विटा बसवून त्यांतून वायू वर नेण्यात येऊ लागले. भट्टीत जळण घालण्याचे काम गुलाम करीत आणि लाकूडही अमाप लागे. पश्चिमेकडील रोमन साम्राज्याच्या ऱ्हासानंतर ही पद्धत यूरोपच्या बहुतेक भागांतून मागे पडली. पूर्वेकडे मात्र ती स्नानगृहांच्या रूपाने टिकली.

कोरियातील ‘ऑन्दोल’ ही पद्धत सर्वसामान्यांच्या घरात रुजली, हे तिचे वैशिष्ट्य होय. स्वयंपाकघराची जमीन खोलीच्या जमिनीपेक्षा खोल ठेवून तेथे चूल घातली जाई. चुलीवर अन्न शिजत असतानाच तिचा धूर व गरम वायू शेजारच्या खोलीच्या जमिनीखालील दगडी पाटांतून वाहत जाऊन पलीकडच्या धुराड्याने बाहेर पडत. पाटांवर सपाट दगड, त्यांवर मातीचा लेप व त्यावर तेल पाजलेला कागद असे थर असत. चुलीकडील भाग अधिक उबदार असल्याने तो वडीलधाऱ्यांसाठी व पाहुण्यांसाठी राखला जाई. एकाच जाळावर स्वयंपाक व तापन अशी दोन्ही कामे होत असल्याने जळणाची बचत होई. जमिनीवर बसणे, जेवणे व झोपणे ही कोरियन राहणी या उबदार जमिनीशी निगडित आहे. ऑन्दोल संस्कृतीला दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. उत्तर चीनमध्ये याच तत्त्वावर तापविलेला, विटामातीचा ओटा (‘कांग’) झोपण्यासाठी वापरीत.

भारतातील हमाम : भारतात तळाकडून तापविण्याची कला मुख्यतः हमामांबरोबर स्थिरावली. हमामाच्या भिंतीपलीकडे भट्टी असे. तिच्यावर पाणी तापे. गरम, कोमट व थंड अशी दालने क्रमाने असत. मराठी मुलखाच्या सीमेवरील बऱ्हाणपूर येथे अब्दुर्रहीम खानखानान याने १६०७–०८ मध्ये बांधविलेला हमाम प्रसिद्ध आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबादच्या किल्ल्यातही शाही हमामखाना असून त्यात पाणी खेळविण्यासाठी भाजलेल्या मातीच्या नळ्या घातलेल्या होत्या. या वास्तू स्नानासाठी होत्या, राहण्यासाठी नव्हत्या, व त्यांचा उपभोग राजघराणी आणि मोठी शहरे यांपुरताच मर्यादित राहिला. ‘हमामखाना’ हा शब्द मराठीत आला. ती जमीन मात्र मराठी घरात आली नाही.

काश्मीरमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तेथील मशिदींत व अनेक घरांत ‘हमाम’ म्हणजे जमिनीखाली पोकळी ठेवून वर दगडी लाद्या बसविलेली खोली होय. पोकळीत लाकडे जाळतात. त्याच जाळावर तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी तापते आणि लाद्या पुढे कित्येक तास उबदार राहतात. कडक हिवाळ्यात सारे कुटुंब या खोलीत वावरते. राहत्या घरातील तळतापनाचे भारतातील हे ठळक व आजही प्रचारात असलेले उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील घरगुती प्रथा : महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज क्वचितच भासत असल्याने तशी स्थायी योजना घरबांधणीत आढळत नाही. तथापि खालून ऊब देण्याची एक प्रथा घरोघरी होती. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिला व तान्ह्या मुलाला शेक देत आणि ओवा, बाळंतशेपा इत्यादींची धुरी करीत. वारा लागू नये म्हणून खोलीची दारेखिडक्या लावून घेत. ऊब खालून मिळावी ही त्यामागील जाण योग्य होती; पण जाळ त्याच बंद खोलीत असल्याने धूर, भाजण्याची भीती व विषारी वायू हे धोके तीत होते. या कारणास्तव वैद्यक आज ही प्रथा टाळण्याचा सल्ला देते.

दुसरे परिचित साधन म्हणजे आंघोळीचे पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब. याच्या मध्यभागी उभी नळी असून तीत लाकडे वा कोळसे जळतात व भोवतालच्या जागेत पाणी असते. जाळ आत व पाणी बाहेर ही रचना आणि तळतापनासाठी वापरण्यात येणाऱ्या साध्या बॉयलरची रचना तत्त्वतः एकच होय. बंबातील पाणी बादलीत न काढता ते नळीने जमिनीखाली नेले, थंड झाल्यावर परत बंबात आणले व हा फेरा अखंड चालू ठेवला, तर उष्णजलीय तळतापनाचे मूलभूत चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

जाळाकडून पाण्याकडे : गरम पाणी नळ्यांतून फिरवून ऊब देण्याचे प्रयोग यूरोपात अठराव्या शतकात झाले. फ्रान्समध्ये बॉनमँ याने त्या शतकाच्या उत्तरार्धात कोंबडीची अंडी उबविण्यासाठी अशी योजना केली. इंग्लंडमध्ये ए. एम्. पर्किन्झ याने १८३१ मध्ये अरुंद लोखंडी नळ्यांतून उच्च दाबाचे गरम पाणी फिरविण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. या नळ्या उघड्यावर असत. त्या इमारतीच्या अंगातच पुरून सारे पृष्ठ तापविण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमधील ए. एच्. बार्कर यांनी पुढे आणली.

तळतापनास प्रसिद्धी मिळवून देणाऱ्यांत अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांचे नाव अग्रभागी आहे. टोकिओतील इंपीरिअल हॉटेलच्या कामासाठी जपानमध्ये गेले असता एका श्रीमंत यजमानाच्या कोरियन पद्धतीच्या खोलीत त्यांना खालून येणाऱ्या उबेचा अनुभव आला. पुढे १९३७ मध्ये मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथे पूर्ण झालेल्या जेकब्ज कुटुंबाच्या लहान घरात त्यांनी काँक्रीटच्या जमिनीखाली नळ्या घालून ते तापविले. अशा रीतीने ऑन्दोलची कल्पना पाश्चात्त्य घरात शिरली. मात्र जमिनीखालून आता धूर वाहत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन या वसाहतीत १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरे बांधण्यात आली. त्यांना तळघर नव्हते. काँक्रीटच्या जमिनीतच तांब्याच्या नळ्या पुरल्या होत्या. मध्यमवर्गीय घरांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर तळतापन प्रथमच आले. पण काही वर्षांनी नळ्या गंजून वा जमीन खचून गळती होऊ लागली. गळणारी जागा शोधण्यासाठी जमीन फोडावी लागे. अनेक रहिवाशांनी अखेर पुरलेल्या नळ्या सोडून दिल्या व भिंतीलगत उघडे तापक बसविले. त्यामुळे या पद्धतीची प्रतिष्ठा दीर्घकाळ खालावली.

कोरियातील संक्रमण : पाण्याचा अवलंब का आवश्यक होता, हे कोरियाच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट दिसते. कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) जंगले उजाड झाल्याने लाकडाऐवजी कोळशाच्या भुकटीच्या, आरपार भोके असलेल्या दंडगोल वड्या जाळण्यात येऊ लागल्या. या वड्या स्वस्त होत्या व रात्रभर मंद जळत. परंतु मंद जळणात कार्बन मोनॉक्साइड हा वायू भरपूर निर्माण होतो. त्याला रंग वा वास नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो व शरीर ऑक्सिजनाविना गुदमरते. ऑन्दोलच्या मातीच्या जमिनीस बारीकशी भेग पडली तरी हा वायू खोलीत येई व झोपलेले कुटुंब सकाळी उठतच नसे. १९६० ते १९८० या दशकांत अशा दुर्घटना तेथील हिवाळ्यातील नित्याची बातमी होती.

यावर उपाय म्हणून जमिनीखालून वायूऐवजी पाणी नेण्यात आले. जमीन तीच, राहणी तीच. फक्त जाळ खोलीबाहेरील बॉयलरमध्ये गेला. भेग पडली तर आता पाणी झिरपे, विष नव्हे. बहुमजली इमारतींच्या प्रसाराबरोबर व पुढे नैसर्गिक वायूच्या उपलब्धतेमुळे ही पद्धत सार्वत्रिक झाली आणि आज दक्षिण कोरियातील बहुतेक घरे उष्णजलीय तळतापनानेच उबदार ठेवली जातात.

नळ्यांचा प्रश्न : पुरलेली नळी इमारतीइतकी टिकली पाहिजे, ही या पद्धतीची मुख्य अट होय. जर्मनीत टोमास एंगेल यांनी १९६० नंतरच्या दशकात पॉलिएथिलिनाचे रेणू एकमेकांस आडवे जोडून उष्णता व दाब सोसणारे प्लॅस्टिक तयार करण्याची पद्धत शोधली. त्याच्या लांबलचक, सांधेविरहित व लवचिक नळ्या १९७० नंतर यूरोपात प्रचारात आल्या. आरंभी त्यांच्यातही एक दोष आढळला. प्लॅस्टिकमधून हवेतील ऑक्सिजन सूक्ष्म प्रमाणात पाण्यात शिरे व बॉयलरचे आणि पंपाचे लोखंडी भाग गंजत. नळीवर ऑक्सिजनरोधक पातळ थर चढवून हा दोष दूर करण्यात आला. याच सुमारास, १९७३ च्या खनिज तेलाच्या दरवाढीनंतर, यूरोपात घरांना उष्णतारोधक आवरण घालण्यावर भर आला. घराची उष्णतेची गरज घटल्याने जमीन फार तापविण्याचे कारण उरले नाही. पूर्वी अति तापलेल्या जमिनीमुळे पाय जड होण्याच्या तक्रारी येत. पुढे यूरोपीय मानकाने वावराच्या जागी जमिनीच्या पृष्ठाचे तापमान २९° से. पेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा घातली. बाह्य भिंतीलगतच्या पट्ट्यात ती ३५° से. आहे.

रचना व कार्य : सर्वांत खाली जमिनीचा मूळ थर, त्यावर उष्णता खाली जाऊ नये म्हणून थर्मोकोलसारख्या उष्णतारोधक पदार्थाचे तक्ते, त्यांवर नळ्यांची वेटोळी, नळ्या पूर्णपणे झाकणारा सिमेंट-वाळूचा कोबा व शेवटी फरशी, असा क्रम असतो. भिंतीलगत मऊ पट्टी ठेवतात; तिच्यामुळे तापून प्रसरण पावणाऱ्या कोब्यास जागा मिळते व तो तडकत नाही. नळीचा बाह्य व्यास साधारणतः १६ ते २० मिमी. व दोन नळ्यांतील अंतर १० ते ३० सेंमी. असते. कोबा घालण्यापूर्वी नळ्यांत दाबाखाली पाणी भरून गळतीची परीक्षा करतात. कोबा पुरेसा पक्का होईपर्यंत गरम पाणी सोडत नाहीत.

उदाहरणार्थ, २० चौ. मी. क्षेत्रफळाच्या खोलीत १५ सेंमी. अंतराने नळ्या घातल्यास सु. १३३ मी. नळी लागते. एकाच वेटोळ्याची लांबी फार वाढली की घर्षणामुळे प्रवाह मंदावतो, म्हणून तिची दोन वेटोळी करतात. खोलीचे तापमान २०° से. व फरशीचे २९° से. असता दर चौ. मी. मागे सु. १०० वॉट, म्हणजे एकूण २ किलोवॉट उष्णता खोलीस मिळते. पाणी वेटोळ्यातून जाताना ५° से. ने थंड होते असे मानल्यास ही उष्णता पोहोचविण्यास मिनिटाला सु. ६ लि. पाणी पुरते. समान घनफळाची हवा व पाणी यांत उष्णता वाहण्याची पाण्याची क्षमता सु. ३,५०० पट असल्याने, ज्या कामास हवेचे रुंद बोगदे लागतात ते काम बोटाएवढी नळी करते.

नळ्यांतील पाणी सामान्यतः ३०° ते ४५° से. एवढेच तापविलेले असते. भिंतीवरील लोखंडी तापकांत ते पूर्वी ७०° ते ८०° से. पर्यंत असे. कमी तापमान पुरेसे असल्याने सौर जलतापक, उष्णता पंप, कारखान्यातील टाकाऊ उष्णता व भूगर्भातील गरम पाणी हे उद्गमही उपयोगी पडतात. आइसलँडमध्ये रेक्याव्हीक शहरात १९३० पासून भूगर्भातील गरम पाणी इमारतींच्या तापनासाठी नळांनी पुरविण्यात येते. महाराष्ट्रातही वज्रेश्वरी, उन्हेरे, उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. परंतु त्यांचा उपयोग स्नानापुरताच राहिला आहे.

मर्यादा व महाराष्ट्रातील उपयुक्तता : तळतापनाचा मुख्य दोष म्हणजे त्याचा मंदपणा. वरील खोलीतील साडेसहा सेंमी. जाडीच्या कोब्याचे वजन सु. २,६०० किग्रॅ. भरते. त्याचे तापमान ८° से. ने वाढविण्यास २ किलोवॉट शक्ती, वाटेत काहीही उष्णता वाया जात नाही असे धरले तरी, अडीच तासांहून अधिक काळ पुरवावी लागते. जेथे महिनोन्महिने सतत थंडी असते तेथे हा मंदपणा गुणच ठरतो. जेथे थंडी केवळ पहाटेपुरती असते तेथे तो अडचणीचा होतो.

विदर्भातील हवामान दुसऱ्या प्रकारचे आहे. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या परिसरात हिवाळ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो; पण दुपारी ऊन असते व घराच्या भिंती आपोआप तापतात. पहाटेच्या गारठ्यासाठी पेटविलेला बॉयलर जमिनीस ऊब देईपर्यंत सूर्य वर आलेला असेल. याउलट बंजारा समाजाच्या या तीर्थक्षेत्री चैत्रात रामनवमीची यात्रा भरते, तेव्हापासून पुढे जूनपर्यंत तापलेल्या जमिनीपासून सुटका कशी व्हावी हाच खरा प्रश्न असतो. शेणाने सारवलेली मातीची जमीन, जाड मातीच्या भिंती व धाब्याचे छत ही जुन्या घरांची रचना याच प्रश्नाचे उत्तर होती.

या प्रश्नासाठी तळतापनाची रचना उलट रीतीने वापरता येते. नळ्यांतून थंड पाणी फिरविल्यास जमीन वा छत खोलीतील उष्णता शोषून घेते. हैदराबाद येथे इन्फोसिसच्या एका इमारतीत २०११ मध्ये अर्ध्या भागात अशी प्रारक शीतन योजना व उरलेल्या अर्ध्यात नेहमीची वातानुकूलन योजना बसविण्यात आली; पहिल्या भागास सु. एक-तृतीयांश वीज कमी लागली. मात्र शीतल पृष्ठाचे तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेले तर त्यावर पाणी सुटते. मे महिन्यात ४२° से. तापमान व २०% आर्द्रता असता दवबिंदू सु. १४° से. असतो, तेव्हा २०° से. पर्यंत थंड केलेली जमीन कोरडी राहील. कोकणात ३३° से. तापमान व ७०% आर्द्रता असता दवबिंदू सु. २७° से. असतो आणि तीच जमीन निसरडी होईल. विदर्भातही पावसाळ्यात, हवा कोरडी करण्याची वेगळी सोय केल्याखेरीज, ही योजना चालणार नाही.

तळतापनाच्या इतिहासातून निघणारा नियम मात्र महाराष्ट्रातील घरांनाही लागू पडतो. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्याने वा वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा जलतापक चालविल्याने आजही मृत्यू घडतात. ऊब माणसाजवळ आणावी, पण जाळ व त्याचे वायू घराबाहेरच ठेवावेत, हा तो नियम होय.